दोन हातांची गोधडी

हाताने केलेली भेट विकत आणलेल्या भेटीपेक्षा मोलाची, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. लेकीच्या सासरी पाठवलेले लोणचे असो, नातवासाठी विणलेला स्वेटर असो की ईदला शेजारी गेलेला शीरखुर्मा असो, 'घरी केलाय' एवढे दोन शब्द त्या वस्तूची किंमत वाढवतात. पैसा काय, कोणीही खर्च करील. पण आपल्यासाठी कोणी वेळ घालवला, डोळे शिणवले, याचे अप्रूप वेगळे असते. परंतु 'हाताने केलेली' म्हणजे नेमकी कोणाच्या हाताने, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. देणाऱ्याचाच हात असणार, असे आपण धरून चालतो. ज्या वस्तूत देणाऱ्याचा हात निम्माच आहे आणि उरलेला निम्मा अशा एका बाईचा आहे की जिचे नाव, गाव, धर्म काहीही आपल्याला ठाऊक नाही, ती भेट कोणाची म्हणायची? आमच्यापुढे हा प्रश्न एका अर्धवट गोधडीने उभा केला. प्रश्न वरवर क्षुल्लक होता. पण विचार करू लागलो तसा तो गोधडीपुरता राहिला नाही.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्गच्या पुढे जळकोट लागते. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्याचे हे गाव. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामी राज्यात होता आणि कर्नाटकची हद्द इथून दूर नाही. त्यामुळे एकाच वस्तूला या पट्ट्यात तीन-चार नावे ऐकू येतात. कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ. आमच्या घरांतल्या दखनी बोलणाऱ्या म्हाताऱ्या गुदडी म्हणत, आणि हद्दीपलीकडची कानडी माणसे कौदी म्हणतात. नावे वेगळी, वस्तू एकच. नेसून विटलेली लुगडी, धोतरे, लुंग्या, ओढण्या, फाटक्या सदऱ्यांच्या पाठी एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. हिंदूच्या घरची गोधडी आणि मुसलमानाच्या घरची गोधडी शेजारी शेजारी वाळत घातल्या तर कोणती कोणाची हे सांगता यायचे नाही. जवळच्या सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिला गाव आहे, नाव आहे, शिक्का आहे. गोधडीला यांतले काही नाही. ती करणारी बाई तिच्यावर नाव घालीत नाही, आणि घरातले कोणी ते विचारीत नाही.

जुन्या रीतीची गोधडी अर्धी राहिली तरी ती गोधडीच राहते, कारण तिच्यात तुकडे आणि थर एकाच वेळी शिवले जातात. खाली लुगडे अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणायचे, वर तुकडे मांडीत जायचे आणि कडेकडून आत दोरा घालीत यायचे. शिलाई यंत्र घरोघरी आले आणि दुसरी रीतही रुळली. शिंप्याकडच्या कातरणी आणून त्यांचे चौकोन कापायचे, ते एकमेकांना जोडून आधी नुसती वरची बाजू तयार करायची, आणि मग मधला भर व खालचे अस्तर लावून तिन्ही थर एकत्र शिवायचे. या रीतीत काम मध्येच थांबले की हाती उरते ते ना धड चादर, ना गोधडी. नुसते वरचे पान. पांघरले तर ऊब नाही, अंथरले तर टिकत नाही. असली पाने पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राहतात. करणारीचे डोळे जातात, हात थरथरू लागतो, ती लग्न होऊन दूर जाते किंवा जगातूनच जाते. मग कधीतरी घर आवरताना ते पान जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात पडते, गाठोडे एखाद्या स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात बोहारणीकडे जाते, आणि तिथून ते कोणत्या बाजारात निघेल याचा नेम नाही. उर्दूत जुन्या मालाच्या बाजाराला 'गुदडी बाजार' म्हणतात, ते उगीच नव्हे.

असेच एक पान या भागातल्या एका आठवडी बाजारातून जुन्या कपड्यांसोबत आमच्या घरी आले. शंभराच्या आसपास चौकोन होते. बहुतेक छापील सुती, काही टेरिकॉटचे, आणि एका ओळीतले सगळे एकाच हिरव्या साडीचे. जोडकाम हाताचे. एका बाजूने टाके बारीक आणि सरळ. दुसऱ्या बाजूकडे येता येता ते लांब आणि वेडेवाकडे होत गेलेले. शेवटच्या ओळीतले तीन चौकोन तर नुसते कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेले होते. घरात तेव्हा भाचीच्या पहिल्या बाळंतपणाची तयारी चालली होती. हे पान पुरे करून बाळ-बाळंतिणीला द्यावे अशी कल्पना निघाली, आणि घरातल्या बायकांत वाद सुरू झाला.

धाकट्या खालाचे म्हणणे सरळ होते. "पैसे मोजून आणलंय. आता दोरा आपला, अस्तर आपलं, शिवणारे हात आपले. मग गोधडी आपल्या हातचीच झाली की!"

फुफीला हे मुळातच पसंत नव्हते. "किसी की उतरन है. मय्यत के घर का भी हो सकता है. पहिल्या बाळाला असलं देतात होय?"

नानींनी मात्र पान मांडीवर घेऊन बराच वेळ टाके चाचपले आणि एवढेच म्हणाल्या, "हिनं कुणासाठी घेतलं होतं, कुणास ठाऊक."

या तीन बोलण्यांत तीन वेगवेगळे नैतिक दावे आहेत, असे आम्हाला वाटते. पहिला मालकीचा, दुसरा इज्जतीचा, तिसरा ऋणाचा. ते एकेक करून तपासण्यासारखे आहेत.

मालकीच्या बाबतीत खालाची बाजू भक्कम आहे. भेट देण्याच्या कायद्याचा, म्हणजे हिब्याचा, आपल्याकडे बारकाईने विचार झालेला आहे. आसफ अली असगर फैजी हे १८९९ साली माथेरानला जन्मलेले कायदेपंडित. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली निघाला आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर तयार झाल्या. हिबा पुरा व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देतो म्हणून सांगणे, घेणाऱ्याने ते कबूल करणे, आणि वस्तूचा कब्जा प्रत्यक्ष त्याच्या हाती जाणे. अर्थात जे आपले आहे तेच देता येते. पान बाजारातून दाम मोजून घेतलेले होते, चोरीचे नव्हते, कोणाची ठेव नव्हते. तेव्हा ते देण्याचा हक्क आम्हाला होता, यात शंका नाही.

परंतु मालकीने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. ही वस्तू आम्ही देऊ शकतो का, एवढ्याचेच. ही आम्ही केली असे म्हणू शकतो का, हा प्रश्न निराळा आहे. शेत विकत घेतले की शेतातली विहीर आपली होते. तिचे पाणी आपण वापरू, शेजाऱ्याला देऊ. पण 'ही विहीर आमच्या बापाने खोदली' असे म्हणू लागलो तर गाव हसेल. खरेदीखताने विहीर मिळते, खोदल्याचे श्रेय मिळत नाही.

शिवाय मोजलेला दाम कशाचा होता, हेही पाहायला हवे. जुना कपडा म्हणून जी किंमत लागली ती कापडाची. शंभर चौकोन मापून कापणे, रंग लावून पाहणे, एकेक जोडणे, दिवसभराचे काम आटोपल्यावर दिव्याखाली बसणे, याचा एक पैसाही त्या किमतीत धरलेला नव्हता. विकणाऱ्याने तो मागितला नाही, आम्ही तो दिला नाही, आणि जिचा तो होता तिच्यापर्यंत तो पोहोचण्याची वाटही नव्हती. व्यवहार चोख होता. पण व्यवहार चोख असला म्हणजे सगळेच फिटले असे होत नाही. काही श्रम बाजारात येतात तेव्हा त्यांची किंमत शून्य धरली जाते, आणि घरातल्या बाईचे श्रम हे त्यांतले पहिले. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. त्या २९९ मिनिटांनंतर जो वेळ उरतो, त्यातून गोधडी होते.

आता फुफीचा आक्षेप. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. 'उतरन' या शब्दामागे आपल्या समाजातल्या कित्येक घरांचे दुखणे आहे. अमरावतीला १९३५ साली जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या वाजिदा तबस्सुम यांची 'उतरन' ही उर्दू कथा पुष्कळांनी वाचली असेल. हवेलीतल्या मोलकरणीच्या मुलीला मालकाच्या मुलीचे उतरलेले कपडे घालावे लागतात. कपडे चांगलेच असतात. पण ते घालण्यातली मानहानी तिच्या मनात साचत जाते, आणि अखेर ती त्याचा असा सूड घेते की वाचणारा हादरतो. दुसऱ्याचा स्वेटर घालून शाळेत गेलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आपल्या लेकराच्या अंगावर पहिल्याच दिवशी कोणाचे उतरलेले पडू नये असे फुफीला वाटले, त्यात गरिबीतून वर आलेल्या माणसाचा स्वाभिमान आहे.

पण मग उतरन म्हणजे नेमके काय? कापड जुने असणे म्हणजे उतरन नव्हे. तसे असते तर प्रत्येक गोधडी उतरनच ठरली असती. आजोबांची लुंगी आणि आजीचे लुगडे तिच्यात असतेच. उतरनमधला अपमान देणाऱ्याच्या वागण्यात असतो. 'मला नको झाले, तुला चालेल' असे तो न बोलता सांगत असतो. त्यात घेणाऱ्याचा विचार नसतो आणि देणाऱ्याचे श्रमही नसतात. गोधडी याच्या नेमकी उलट असते. टाकून द्यायचे ते कोणीतरी वेचून घेते, धुते, कापते, कोणाच्या तरी उबेचा विचार करून जोडते. बाजारात आम्हाला मिळालेले पान म्हणूनच उतरन नव्हते. त्या अनोळखी बाईने ते कापड उतरनमधून आधीच बाहेर काढलेले होते. आम्ही ते गाठोड्यात परत टाकले असते, तर मात्र ते पुन्हा उतरन झाले असते.

राहिला मयताच्या घराचा प्रश्न. आपल्याकडे मयताचे कपडे धुऊन गरजूंना देण्याची रीत आहे आणि तसे देणे सवाबाचे मानले जाते. ते देणे जर पुण्याचे, तर घेणे आणि वापरणे अशुभ कसे? जे आपल्या लेकराला नको ते दुसऱ्याच्या लेकराला चालते, असे मानणे म्हणजे मागच्या दाराने पुन्हा उतरनचीच भाषा आली. पान गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून घेतले की कापडापुरती अडचण संपते. मनापुरती अडचण प्रत्येकाने आपापली सोडवायची.

नानींचे बोलणे सर्वांत अवघड. त्यांनी हक्क काढला नाही, आक्षेपही घेतला नाही. फक्त त्या बाईची आठवण काढली. कोणासाठी तरी घेतलेले काम तिच्या हातून राहून गेले, आणि आता ते आपल्या हाती आले. अशा वेळी पुढच्याने काय करावे?

दुसऱ्याचे राहिलेले काम पुरे करण्याच्या थोर परंपरा जगात आहेत, आणि त्यांतली एक आपल्या ओळखीची आहे. मदरशांतून शिकवली जाणारी 'तफसीरे जलालैन' ही एका माणसाची नाही. जलालुद्दीन महल्ली यांनी ती लिहायला घेतली. १४५९ साली ते वारले तेव्हा जवळजवळ निम्मी शिल्लक होती. त्यांचे शिष्य जलालुद्दीन सुयूती यांनी ती पुरी केली. सुयूती पुढे आपल्या काळातले फार मोठे विद्वान झाले; त्यांना दुसऱ्याच्या नावाची गरज नव्हती. तरीही तो ग्रंथ जलालैन, म्हणजे 'दोन जलाल', याच नावाने राहिला. संस्कृतातही असेच एक उदाहरण आहे. बाणभट्टाची 'कादंबरी', जिच्यावरून मराठीत कादंबरी हा शब्द आला, ती बाणाच्या हातून अपुरी राहिली. त्याचा मुलगा भूषणभट्ट याने ती पुरी केली, आणि उत्तरार्धाच्या आरंभीच सांगून टाकले की कवी म्हणून मिरवायला नव्हे, तर वडिलांची कथा अर्धी राहिल्याचे सज्जनांना दुःख होते म्हणून हे करतो आहे.

या दोघांनी दोन गोष्टी केल्या. काम अर्धे सोडले नाही, आणि पहिला हात लपवला नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. पहिल्या हाताबद्दलच्या आदराने काम तसेच ठेवून देणे, हाही एक मोह असतो. आमच्याकडेही कोणीतरी सुचवले होते की पान असेच जपून ठेवावे, कोणाची तरी आठवण म्हणून. पण ज्या बाईने ते घेतले तिला आठवण करायची नव्हती, पांघरूण करायचे होते. तिचे काम पेटीत जपून ठेवणे म्हणजे तिचा हेतू दुसऱ्यांदा अर्धवट सोडणे.

मात्र सुयूतींना आणि भूषणभट्टाला एक सोय होती, जी आम्हाला नव्हती. पहिल्या हाताचे नाव त्यांना ठाऊक होते. एकाचे गुरू, दुसऱ्याचे वडील. अमेरिकेत २०२२ साली दोन मैत्रिणींनी 'लूज एंड्स' नावाचा एक उपक्रम सुरू केला. कोणी वारले किंवा आजाराने ज्याचे हात थांबले, त्याचे राहिलेले विणकाम-शिवणकाम स्वयंसेवक पुरे करून त्या कुटुंबाला परत देतात. फार चांगले काम आहे. पण तिथेही पत्ता ठाऊक असतो. गुदडी बाजारात पत्ता हरवलेला असतो. विकणाऱ्याकडे गाठोडी कुठकुठून येतात ते त्यालाच सांगता येत नाही. परत द्यायला दार नसेल तर पुढे देणे एवढाच मार्ग उरतो. आणि नाव ठाऊक नसले, तरी नाव ठाऊक नाही हे सांगता येतेच. 'आमच्याआधी कोणीतरी होते' हे वाक्य खरे व्हायला नावाची गरज नसते.

आता पुरे करायचे म्हणजे कसे करायचे? इथे हा नैतिक प्रश्न थेट सुईच्या टोकावर येतो. ते वेडेवाकडे टाके उसवून सरळ घालावेत का? खालाचा कल उसवण्याकडे होता, आणि तिचा हात खरोखरच सफाईचा आहे. अकराव्या शतकात सूफी हुजवेरी यांनी फारसीत 'कश्फुल महजूब' लिहिले. त्यात ठिगळांच्या झग्यावर, मुरक्क्यावर, एक प्रकरण आहे. नुसत्या दिखाव्यासाठी ठिगळे मिरवणाऱ्यांना ते त्यात फटकारतात. गंमत म्हणजे टाके कसे असावेत यावरचे दोन पक्षही त्यांनी नोंदवले आहेत. काहींच्या मते सुई जिथून निघेल तिथून निघू द्यावी, नीटनेटकेपणाचा आग्रह धरू नये; दुसऱ्यांच्या मते टाका सरळ आणि नेमका हवा, कारण वागण्यातली शिस्त त्यातूनच दिसते. हजार वर्षांपूर्वीच्या दरवेशांना पडलेला प्रश्न आमच्या ओसरीवर जसाच्या तसा उभा होता.

आम्हाला दोन्ही पक्ष खरे वाटतात, फक्त ते कोणाच्या टाक्यांना लागू करायचे ते ठरवावे लागते. आपले टाके सरळ असावेत. दुसऱ्याचे जसे आहेत तसे राहू द्यावेत. ते टाके वाकडे का झाले असतील? दृष्टी अधू झाली असेल, मांडीवर मूल असेल, वीज गेली असेल. कारण काही का असेना, त्या बाईबद्दल जे काही आपल्यापर्यंत पोहोचले ते एवढेच आहे. ते उसवले तर ती उरतच नाही. जे धुण्यात फाटेल ते दुरुस्त करावे, जे नुसते डोळ्याला खुपते ते राहू द्यावे. कच्च्या टाक्यांचे तीन चौकोन पक्के करणे भाग होते. विरलेल्या जोडांना मागून पट्टी लावणे भाग होते. सुती आणि टेरिकॉट धुण्यात सारखे आटत नाहीत, म्हणून आधी सगळे धुऊन घेणे भाग होते. वाकडी ओळ सरळ करणे भाग नव्हते. एकदा भर आणि अस्तर लावून कडेकडून आत धावदोरा आला, की सरळ आणि वाकड्या दोन्ही ओळींना तोच दोरा धरून ठेवतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत, आणि तिन्हींच्या बायका गोधड्या शिवतात. गोधडी शिवून झाली की चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुले लावतात. ती लावली नाहीत तर गोधडी उघडी राहिली, असे त्या मानतात. ऊब देण्यासाठी या फुलांचा काही उपयोग नाही. पण काम कुठे संपले याची ती खूण आहे. पुरे करणाऱ्या हाताने आपले म्हणून काही ठेवायचे असेल, तर ते असे कडेला ठेवावे. मधल्या चौकोनांवर हक्क सांगू नये.

शेवटचा प्रश्न देण्याच्या वेळचा. घेणाऱ्याला हे सांगायचे की नाही? न सांगणे सोयीचे असते. भेटीची गोडी कमी होत नाही, कोणाचे मन दुखावत नाही, आणि 'किती छान शिवलंय!' हे कौतुकही सगळे आपल्याच पदरात पडते. कोणी म्हणेल, भेट देताना वस्तूचा इतिहास सांगत बसणे हाही एक प्रकारचा मोठेपणाच आहे, मुकाट द्यावी. यात थोडे तथ्य आहे. पण हिब्याच्या तीन गोष्टींतली दुसरी आठवावी. घेणाऱ्याने कबूल केले पाहिजे. काय घेतो आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याची कबुली कसली? फुफीला जी शंका आली ती भाचीलाही येऊ शकते, आणि 'मला हे नको' असे म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तो हक्क आपण लपवून काढून घेतला, तर आपण भेट दिली नाही, आपली हौस तिच्यावर पांघरली.

म्हणून भर घालण्याआधी भाचीला पान दाखवले आणि जे ठाऊक होते ते सांगितले. तिने चौकोनांवरून हात फिरवला आणि विचारले, अस्तराला तिची कॉलेजातली ओढणी चालेल का. फुफी पुढे काही बोलल्या नाहीत. पण धावदोरा घालायला बसल्या तेव्हा सर्वांत लांब ओळ त्यांचीच होती. याचा अर्थ त्यांचे मन पालटले असा आम्ही लावीत नाही. न पटलेल्या कामातही माणसे हात लावतात, कारण काम घरचे असते.

हे सगळे एका पांघरुणासाठी फार झाले, असे कोणाला वाटेल. पण हाच हिशोब आपण कुठे कुठे टाळतो ते पाहावे. आज शहरातल्या दुकानांत आणि मोबाइलवर 'हातशिलाईच्या' गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात; त्यांवर नाव विकणाऱ्याचे असते, शिवणारीचे क्वचितच. घराघरांत 'आमच्या घरची पद्धत' म्हणून जो मसाला, जे लोणचे, जी शिवण मिरवली जाते, ती कोणत्या सुनेने, कोणत्या काकूने बसवली हे दोन पिढ्यांत पुसले जाते. लिहिणारेही यातून सुटलेले नाहीत. आपल्या वाडवडिलांच्या गोष्टी, म्हाताऱ्यांच्या तोंडची दखनी, गावातल्या बायकांची गाणी आम्ही उचलतो, आमच्या अस्तरावर शिवतो आणि वर आमचे नाव घालतो. घेऊ नये असे नाही. कोणीच काही घेतले नाही तर सगळी पाने पेटीच्या तळाशी कुजतील. घ्यावे, पुरे करावे, पुढे द्यावे. आणि देताना सांगावे की इथपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात आहे, इथून पुढे आमचा.

गोधडी तशीही कधी कायमची पुरी होत नाही. चार-पाच पावसाळे गेले की एखादा चौकोन विरतो, दोरा सुटतो, आणि ज्याच्या घरी ती असते त्याला सुई हाती घ्यावी लागते. त्या वेळी नवे ठिगळ लावणाऱ्याला ठाऊक असावे की खाली किती हात आहेत. म्हणजे तोही सगळे उसवणार नाही, आणि सगळे आपले म्हणणार नाही.